छायाचित्रण फिल्म

कॅमेऱ्याच्या भिंगाने पाडलेली प्रतिमा टिपून घेण्यासाठी वापरण्यात येणारी, लवचिक व पारदर्शक आधारपट्टीवर प्रकाशसंवेदी पायसाचा थर दिलेली पट्टी. कृष्णधवल व रंगीत असे फिल्मचे दोन मुख्य वर्ग आहेत. कृष्णधवल फिल्मवरील अंतिम प्रतिमा धातुरूप चांदीच्या सूक्ष्म कणांची, तर रंगीत फिल्मवरील प्रतिमा रंजकद्रव्यांची बनलेली असते. फिल्मची निवड, तिचे विकासन आणि तिचा टिकाऊपणा यांविषयीचे बहुतेक प्रश्न या एका भेदातून उद्भवतात. सर्व कामांना सारखीच उपयोगी पडेल अशी फिल्म नाही. त्यामुळे विषय, प्रकाश आणि चित्राचा अंतिम उपयोग ध्यानात घेऊन छायाचित्रकार आपल्या पसंतीच्या एकदोन फिल्मा ठरवितात व वर्षानुवर्षे त्याच वापरतात.

ऐतिहासिक आढावा : छायाचित्रणाच्या आरंभकाळात धातूचे पत्रे, कागद व काच यांवर प्रतिमा घेत असत. १८५१ नंतर प्रचारात आलेल्या ओल्या कलोडियन पद्धतीत काच ओली असतानाच उद्भासन व विकासन उरकावे लागे. मुंबईत १८५४ मध्ये स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे या संस्थेच्या आरंभीच्या सभासदांचे काम अशाच खटाटोपाचे होते. रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज वैद्यांनी १८७१ मध्ये जिलेटिनाचे कोरडे पायस सुचविले आणि काच आधीच तयार करून ठेवता येऊ लागली. जॉर्ज ईस्टमन (१८५४–१९३२) यांच्या कंपनीने १८८९ मध्ये सेल्युलॉइडाची पारदर्शक गुंडाळी फिल्म विक्रीस आणली. तेव्हापासून छायाचित्रण व्यावसायिकांच्या प्रयोगशाळेतून सामान्यांच्या हाती आले. ३५ मिमी. रुंदीची चलच्चित्रपटाची फिल्म स्थिर छायाचित्रणासाठी वापरणारा लायका हा जर्मन कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आला. २४ × ३६ मिमी. हा त्यातील चौकटीचा आकार पुढे जगभर रूढ झाला.

महाराष्ट्रात फिल्मचा पहिला मोठा उपयोग चलच्चित्रपटासाठी झाला. धुंडिराज गोविंद फाळके (दादासाहेब फाळके, १८७०–१९४४) यांनी राजा हरिश्चंद्र (१९१३) या चित्रपटासाठी परदेशातून कोरी फिल्म मागविली. तिच्या कडांना भोके पाडण्याचे काम घरीच करावे लागे व त्यात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचा मोठा वाटा होता. पुढे प्रभात फिल्म कंपनीने सैरंध्री (१९३३) हा चित्रपट रंगीत करण्याचा प्रयत्न केला. त्याच्या प्रती जर्मनीत तयार करण्यात आल्या. परंतु रंग समाधानकारक उतरले नाहीत. फिल्म उत्तम असूनही तिच्यावरील रासायनिक प्रक्रिया हाताशी नसेल, तर परिणाम हाती राहत नाही, हे या प्रयत्नातून स्पष्ट झाले.

रचना व कार्य : फिल्मचा आधार प्रारंभी सेल्युलोज नायट्रेटाचा असे. हे द्रव्य अतिज्वालाग्राही असल्याने त्याची जागा हळूहळू सेल्युलोज ॲसिटेटाने घेतली व १९५० नंतर नायट्रेटाचा वापर थांबत गेला. काही फिल्मांचा आधार पॉलिएस्टराचा असतो. आधारावर जिलेटिनात विखुरलेल्या रौप्य हॅलाइडाच्या स्फटिकांचा थर असतो. यालाच पायस किंवा व्यवहारात इमल्शन म्हणतात. आधारातून प्रकाश परावर्तित होऊन तेजस्वी भागांभोवती वलये उमटू नयेत म्हणून एक प्रकाशशोषक थरही देतात.

उद्भासनात स्फटिकावर प्रकाश पडला की, त्याच्यात चांदीचे मोजके अणू मोकळे होतात. ही अव्यक्त प्रतिमा डोळ्यांना दिसत नाही. विकासकाच्या क्रियेने असे स्फटिक संपूर्णपणे काळ्या चांदीत बदलतात. प्रकाश न पडलेले स्फटिक हायपोच्या विद्रावात विरघळून निघून जातात. तेजस्वी भाग काळा व काळा भाग पारदर्शक अशी व्यस्त प्रतिमा मिळते. ती कागदावर छापली असता सम प्रतिमा तयार होते.

निवडीचे निकष : फिल्मची वेगक्षमता आयएसओ अंकाने दर्शवितात. अंक दुप्पट झाला की, आवश्यक प्रकाश निम्मा होतो. स्वच्छ उन्हात छिद्रांक १६ ठेवल्यास, वेगांकाचा व्यस्त अंश हा सेकंदांतील उद्भासनकाल होतो, म्हणजे १०० अंकाच्या फिल्मला सु. १/१०० सेकंद पुरतो, असा एक सोपा आडाखा आहे. वेगवान फिल्ममधील स्फटिक मोठे असल्याने तिच्यावरील चित्र मोठे करताच त्याचा कणीदारपणा जाणवू लागतो. संथ फिल्मवर सूक्ष्म तपशील अधिक उतरतात. परंतु तिला भरपूर प्रकाश किंवा तिपाई लागते. वेग आणि बारीक कण यांतील ही ओढाताण फिल्म निवडीच्या मुळाशी आहे.

दुसरा निकष वर्णसंवेदनाचा होय. रौप्य हॅलाइड स्वभावतः फक्त निळ्या, जांभळ्या व जंबुपार किरणांनाच दाद देते. हेर्मान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञांनी १८७३ मध्ये दाखवून दिले की, पायसात योग्य रंजक मिसळल्यास ते हिरव्या प्रकाशालाही संवेदी होते. अशा हिरव्यापर्यंत संवेदी फिल्मला ऑर्थोक्रोमॅटिक, तर तांबड्यापर्यंत सर्व रंगांना संवेदी फिल्मला पॅनक्रोमॅटिक म्हणतात. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मचे विकासन मंद तांबड्या दिव्याखाली डोळ्यांदेखत करता येते. मात्र तीवर कपाळाचे कुंकू काळे उमटते आणि सावळी त्वचा आहे त्याहून गडद दिसते. जुन्या स्टुडिओंतील व्यक्तिचित्रांवर पेन्सिलीने केलेले निगेटिव्हचे संस्करण काही अंशी या दोषाच्या निवारणासाठी असे. पॅनक्रोमॅटिक फिल्मवर त्वचा स्वाभाविक दिसते. तथापि तीवरही हिरवे लुगडे व त्याचा तांबडा काठ जवळजवळ एकाच करड्या छटेचे उमटण्याचा संभव असतो. अशा वेळी रंगीत गाळणीने छटा वेगळ्या कराव्या लागतात.

तिसरा निकष उद्भासनातील चूक सहन करण्याच्या क्षमतेचा आहे. निगेटिव्ह फिल्मला गरजेपेक्षा दोनतीन पायऱ्या अधिक प्रकाश मिळाला, तरी उपयुक्त चित्र निघते. प्रकाश कमी पडल्यास मात्र छायेतील तपशील कायमचे नाहीसे होतात. पारदर्शिकेच्या फिल्मला अर्ध्या पायरीची चूकही जाणवते. तेथे धोका उलट दिशेचा असतो, कारण अतिउद्भासनाने तेजस्वी भाग पांढरे पडतात. म्हणूनच निगेटिव्हसाठी छायेकडे व पारदर्शिकेसाठी उजळ भागाकडे पाहून उद्भासन ठरवावे, असे अनुभवी छायाचित्रकार सांगतात.

कृष्णधवल फिल्मा : या वर्गात छायाचित्रकारांची सर्वाधिक पसंती लाभलेली फिल्म म्हणजे कोडॅकची ट्राय-एक्स. ३५ मिमी. आकारात ती १९५४ मध्ये उपलब्ध झाली व ४०० वेगांकाची फिल्म म्हणून वृत्तपत्रीय छायाचित्रणात तिने आपले स्थान पक्के केले. तिचा उठाव भरदार व कण ठळक असतो. विकासन वाढवून तिचा वेग ८०० किंवा १,६०० धरता येतो. मात्र त्याची किंमत छायेतील तपशील गमावून मोजावी लागते. सभागृहातील भाषण, रात्रीची मिरवणूक, मंद दिव्यातील नाट्यप्रयोग अशा विषयांसाठी ही लवचिकता मोलाची ठरते. ब्रिटिश इल्फर्ड कंपनीची एचपी-५ (१९७६) व तिची सुधारित आवृत्ती एचपी-५ प्लस (१९८९) यांचाही वेग ४०० असून त्यांचा उठाव किंचित सौम्य असतो.

मध्यम वेगाच्या फिल्मांत कोडॅकची प्लस-एक्स व इल्फर्डची एफपी-४ या १२५ वेगांकाच्या फिल्मा व्यक्तिचित्रे, वास्तू आणि निसर्गदृश्ये यांसाठी लोकप्रिय झाल्या. प्लस-एक्सचे उत्पादन २०११ मध्ये थांबले; एफपी-४ प्लस मात्र आजही तयार होते. इल्फर्डची ५० वेगांकाची पॅन एफ ही अतिसूक्ष्म कणांची फिल्म शिल्पांचे व कोरीव कामाचे बारकावे टिपण्यास योग्य आहे. वेरूळ, कार्ले किंवा भाजे येथील लेण्यांत प्रकाश थोडा असला, तरी विषय स्थिर असतो. तेथे तिपाईवर कॅमेरा ठेवून संथ फिल्म वापरणे वेगवान फिल्मपेक्षा श्रेयस्कर ठरते. मात्र उद्भासन काही सेकंदांहून लांबले की, फिल्मचा परिणामी वेग घटतो, हे लक्षात घेऊन काल आणखी वाढवावा लागतो.

कोडॅकने १९८६ मध्ये आणलेल्या टी-मॅक्स फिल्मांत स्फटिक चपट्या तबकडीसारखे केलेले असतात. त्यांचे क्षेत्रफळ मोठे व जाडी कमी असल्याने तेवढ्याच वेगाला कण बारीक राहतात. इल्फर्डच्या डेल्टा फिल्मांमागील हेतूही असाच आहे. या फिल्मा तपशिलाच्या दृष्टीने सरस असल्या, तरी विकासनातील तापमान व काल यांबाबत त्या अधिक काटेकोर असतात. त्यामुळे साध्या सोयींवर काम करणाऱ्या अनेकांनी जुन्या पद्धतीच्या फिल्मांना सोडचिठ्ठी दिली नाही.

भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांनी मुंबईत कामास प्रारंभ केला. स्वातंत्र्याच्या काळातील त्यांचे प्रसिद्ध काम कृष्णधवल फिल्मवरील आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून पुण्यात आलेल्या महापुराची परिचित छायाचित्रेही कृष्णधवलच आहेत. त्या काळी वृत्तपत्रे कृष्णधवल छापली जात आणि निगेटिव्ह त्याच दिवशी धुऊन छापता येई, ही त्यामागील व्यावहारिक कारणे होत. त्या निवडीचा एक लाभ मात्र पुढे दिसून आला : नीट धुतलेली चांदीची प्रतिमा अर्धशतकानंतरही विटत नाही.

रंगीत फिल्मा : रंगीत फिल्ममध्ये निळ्या, हिरव्या व तांबड्या प्रकाशाला संवेदी असे तीन मुख्य थर एकावर एक दिलेले असतात. विकासनाच्या वेळी या थरांत अनुक्रमे पिवळे, किरमिजी व निळसर-हिरवे रंजक तयार होतात आणि चांदी काढून टाकली जाते. ज्या फिल्मवर थेट सम प्रतिमा मिळते ती पारदर्शिका किंवा स्लाइड फिल्म व जीवर पूरक रंगांची व्यस्त प्रतिमा मिळते ती रंगीत निगेटिव्ह फिल्म होय. निगेटिव्हवरील नारिंगी झाक हा दोष नसून, रंजकांच्या अशुद्धतेची भरपाई करण्यासाठी मुद्दाम योजलेला उपाय असतो.

लिओपोल्ड मॅन्स व लिओपोल्ड गोडोव्स्की या दोन अमेरिकन संगीतकारांच्या संशोधनातून कोडॅकची कोडाक्रोम फिल्म १९३५ मध्ये सिद्ध झाली व पुढील वर्षी ती ३५ मिमी. स्थिर छायाचित्रणासाठी मिळू लागली. रंगनिर्मितीची द्रव्ये तिच्या पायसात नसून विकासकांत असतात. म्हणून तिचे थर पातळ व चित्र अत्यंत रेखीव असते; परंतु प्रक्रिया इतकी गुंतागुंतीची, की ती निवडक प्रयोगशाळांतच होऊ शके. जर्मनीच्या आग्फा कंपनीने १९३६ मध्ये रंगद्रव्यजनके पायसातच समाविष्ट केली. बहुतेक सर्व आधुनिक रंगीत फिल्मा याच तत्त्वाच्या आहेत. कोडॅकच्या एक्टाक्रोम मालिकेचे विकासन सुसज्ज स्थानिक प्रयोगशाळेतही करता येत असल्याने नियतकालिकांच्या घाईच्या कामाला ती सोयीची ठरली.

भारतीय विषयांच्या रंगीत छायाचित्रणासाठी जगभर मान्यता पावलेले रघुवीर सिंह (१९४२–१९९९) यांनी आपल्या आरंभीच्या कामासाठी कोडाक्रोमच निवडली होती. मुंबईवरील त्यांचा ग्रंथ १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतातील प्रकाश व रंग एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत, अशी त्यांची भूमिका होती. कोडाक्रोमचे उत्पादन २००९ मध्ये बंद झाले. कारखान्यातून निघालेल्या अखेरच्या गुंडाळीवर स्टीव्ह मकरी या अमेरिकन छायाचित्रकारांनी चित्रे घेतली, त्यांत मुंबईतील चित्रपट कलावंतांची व्यक्तिचित्रेही आहेत. तिचे विकासन करणाऱ्या कॅन्ससमधील शेवटच्या प्रयोगशाळेने २०१० च्या अखेरीस काम थांबविले. त्यानंतर शिल्लक राहिलेल्या, न धुतलेल्या कोडाक्रोमवरून मूळचे रंग मिळविण्याचा रूढ मार्ग उरलेला नाही.

जपानच्या फूजी कंपनीने १९९० मध्ये आणलेली ५० वेगांकाची वेल्व्हिया ही पारदर्शिका फिल्म निसर्गचित्रणात अतिशय लोकप्रिय झाली. तिच्यावर हिरवा व तांबडा रंग प्रत्यक्षाहून गडद उतरतो आणि उठावही तीव्र असतो. माणसांच्या चेहऱ्यांना मात्र ती सहसा वापरत नाहीत, कारण त्वचेवर अनैसर्गिक तांबूसपणा येतो. त्याच कंपनीची प्रोव्हिया अधिक समतोल आहे. रंगीत निगेटिव्ह फिल्मांत १९९८ मध्ये आलेली कोडॅकची पोर्ट्रा मालिका त्वचेच्या नाजूक छटांसाठी, तर २००८ मध्ये आलेली १०० वेगांकाची एक्टार गडद रंग व बारीक कणांसाठी पसंत केली जाते.

बहुतेक रंगीत फिल्मा दिवसाच्या, म्हणजे सु. ५,५०० केल्व्हिन रंगतापमानाच्या प्रकाशासाठी जुळविलेल्या असतात. विजेच्या तंतुदिव्याखाली त्यांवर पिवळसर-तांबडी व नळीदिव्याखाली हिरवट झाक येते. घरगुती समारंभांच्या जुन्या रंगीत चित्रांतील हिरवट चेहरे हा अनेकदा नळीदिव्यांचा परिणाम असतो. क्षणदीप्ती वापरल्यास किंवा योग्य गाळणी लावल्यास हा दोष टळतो.

भारतातील उपलब्धता : भारतात छायाचित्रकाराची पसंती दीर्घकाळ उपलब्धतेने बांधलेली होती. आयातीवरील निर्बंधांमुळे परदेशी फिल्म महाग व दुर्मिळ असे. पूर्व जर्मनीतील व्होल्फेन येथे तयार होणारी ओर्वो फिल्म रुपयातील व्यापार करारांमुळे येऊ शके आणि तिचा वापर बराच होता. स्वदेशी उत्पादनासाठी केंद्र सरकारने १९६० मध्ये हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही कंपनी स्थापन केली. तिचा कारखाना तमिळनाडूतील उदकमंडलम् (ऊटी) येथे उभारण्यात आला. पायस तयार करण्यासाठी आवश्यक असलेली थंड व धूळविरहित हवा हे स्थान निवडीचे कारण होते. १९६७ मध्ये उत्पादनास प्रारंभ झाला व इंदू या नावाने कृष्णधवल फिल्म, छपाईचा कागद आणि क्ष-किरण फिल्म देशभर विकली जाऊ लागली. गावोगावच्या स्टुडिओंना व हौशी छायाचित्रकारांना इंदूने परवडणारा आधार दिला. रंगीत फिल्मचा प्रसार आणि पुढे अंकीय तंत्राचे आगमन यांमुळे हा उद्योग डबघाईस येऊन अखेर बंद पडला.

सह्याद्रीतील उपयोग : फिल्म निवडीचे निकष प्रत्यक्षात कसे लावावेत, याचे चांगले उदाहरण पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील लवासा परिसर पुरवितो. मोसे नदीवरील वरसगाव धरणाचा (वीर बाजी पासलकर जलाशय) पाणीसाठा, त्याभोवतीचे काळ्या बेसाल्टाचे उभे कडे, पावसाळ्यातील दाट हिरवळ आणि दासवे येथे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उभ्या राहिलेल्या रंगीत इमारतींच्या रांगा असे परस्परांहून भिन्न विषय येथे एकत्र आढळतात.

जून ते सप्टेंबर या काळात प्रकाश मंद व सावल्याविरहित असतो. दाट ढगांखाली १०० वेगांकाच्या फिल्मला छिद्रांक ४ व सु. १/१०० सेकंद लागतो. कडा व जलाशय दोन्ही रेखीव हवे असल्यास छिद्र बारीक करणे भाग पडते. छिद्रांक ८ घेतल्यास ५० वेगांकाच्या वेल्व्हियाला सु. १/१२ सेकंद, तर ४०० वेगांकाच्या फिल्मला १/१०० सेकंद पुरतो. म्हणजे पहिलीला तिपाई अनिवार्य, तर दुसरी हातात धरून वापरता येते. वाऱ्याने हलणारे गवत स्थिर हवे असल्यास दुसरीच योग्य होय. प्रकाशमापक समोरच्या कोणत्याही विषयाला मध्यम करडा समजतो. म्हणून शुभ्र धुक्यासाठी त्याने दाखविल्याहून सु. एक पायरी अधिक व काळ्या ओल्या कड्यासाठी काहीसे कमी उद्भासन द्यावे लागते.

पावसाळी धुके व उन्हाळी धुरकटपणा यांतील फरकही महत्त्वाचा आहे. मार्च-एप्रिलमधील धुरकट हवेतील अतिसूक्ष्म कण मुख्यतः निळा प्रकाश विखुरतात. त्यामुळे कृष्णधवल फिल्मवर पिवळी, नारिंगी किंवा तांबडी गाळणी लावली असता दूरच्या रांगा स्पष्ट होतात व निळे आकाश गडद होऊन ढग उठून दिसतात. धुक्यातील जलबिंदू मोठे असल्याने सर्वच रंग सारखे विखुरतात. तेथे कोणतीही गाळणी उपयोगी पडत नाही. हिरवळ व कातळ कृष्णधवल चित्रात एकाच छटेचे होऊ नयेत म्हणून हिरवी किंवा पिवळट-हिरवी गाळणी वापरतात. तिने पाने उजळ दिसतात.

दासवे येथील तांबूस, पिवळ्या व नारिंगी भिंती पावसानंतरच्या ओल्या प्रकाशात पारदर्शिका फिल्मवर भडक उतरतात. रंगांचे यथातथ्य दस्तऐवजीकरण हवे असल्यास प्रोव्हिया किंवा रंगीत निगेटिव्ह घेणे इष्ट. भर दुपारी उजळ भिंती व गडद सावल्या यांतील अंतर पारदर्शिकेच्या आवाक्याबाहेरचे असते. निगेटिव्ह ते सामावून घेते. या गिरिनगराच्या बांधकामावर पर्यावरण मंत्रालयाने २०१० मध्ये स्थगिती आणली होती. पुढे २०१८ मध्ये प्रवर्तक कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. अशा झपाट्याने बदलणाऱ्या भूदृश्याच्या बाबतीत छायाचित्र हा पुरावा असतो. येथील वसाहत उभी राहिली तो काळ आणि फिल्मचा व्यापारी ऱ्हास यांची गाठ पडली; साहजिकच वसाहतीपूर्वीच्या खोऱ्याची चित्रे मुख्यत्वे फिल्मवर व नंतरची बहुतांशी अंकीय स्वरूपात आहेत. जलाशयांखाली गेलेल्या सह्याद्रीतील गावांच्या बाबतीत तर जुन्या निगेटिव्हला दुसरा पर्यायच नाही.

विकासन : कृष्णधवल फिल्मचे विकासन घरच्या अंधाऱ्या खोलीतही करता येते. १९२७ पासून प्रचलित असलेल्या डी-७६ या विकासकाच्या एक लिटर विद्रावात मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम व बोरॅक्स २ ग्रॅम असते. प्रमाण तापमान २०° से. आहे. महाराष्ट्रात उन्हाळ्यात नळाचे पाणीच ३०° से. च्या आसपास असते. तापमान वाढले की, क्रिया जलद होते, उठाव बेसुमार वाढतो व जिलेटिन मऊ होऊन फुगते. एका विद्रावातून दुसऱ्यात जाताना तापमानात मोठा फरक पडल्यास पायसाला जाळीदार सुरकुत्या पडतात. यावर सर्व विद्राव बर्फाच्या पाण्यात ठेवून एकाच तापमानावर आणणे, विकासकात सोडियम सल्फेट मिसळून जिलेटिनाचे फुगणे रोखणे व क्रोम तुरटीच्या विद्रावाने थर कठीण करणे हे उपाय योजतात.

रंगीत निगेटिव्हसाठी १९७२ पासून सी-४१ ही प्रक्रिया रूढ आहे. तिचे तापमान ३७·८° से. व विकासनकाल ३ मिनिटे १५ सेकंद असतो. पारदर्शिकांसाठी ई-६ प्रक्रिया वापरतात. इल्फर्डची एक्सपी-२ ही कृष्णधवल फिल्म सी-४१ प्रक्रियेनेच विकसित होते. मात्र तिची प्रतिमा चांदीची नसून रंजकांची असल्याने टिकाऊपणाच्या दृष्टीने तिची गणना रंगीत फिल्ममध्येच करावी लागते.

जतन : उष्मा व आर्द्रता हे फिल्मचे मुख्य शत्रू आहेत. न वापरलेली फिल्म मोहरबंद डब्यात, शीतकपाटात ठेवतात. बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानावर येईपर्यंत उघडत नाहीत, अन्यथा पायसावर दव साचते. कोकण व घाटमाथ्यावरील पावसाळ्यात जिलेटिनावर बुरशी वाढते. सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यांत फिल्म ठेवल्यास तिला आळा बसतो. सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांहून कमी राखणे आवश्यक असते. ॲसिटेटाचा आधार उष्ण दमट हवेत विघटित होऊन त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. ही क्रिया एकदा सुरू झाली की, ती आपोआप वाढत जाते व निघालेली वाफ शेजारच्या फिल्मांनाही बाधते. असा वास येणारी फिल्म लगेच वेगळी काढून तिची प्रत करून घ्यावी.

रंजकांची प्रतिमा अंधारातही फिकट होत राहते. अनेक जुन्या रंगीत फिल्मांत व प्रतींत निळसर-हिरवे रंजक सर्वांत आधी विटते व चित्र तांबूस होते. १९७० ते १९९० या काळातील विवाहसमारंभांची रंगीत चित्रे आज तांबूस झालेली आढळतात आणि त्यांच्या आधीच्या पिढीची कृष्णधवल चित्रे मात्र शाबूत असतात, याचे कारण हेच होय. कोडाक्रोम अंधारात ठेवल्यास दीर्घकाळ टिकते. प्रक्षेपकाच्या तीव्र प्रकाशात मात्र ती लवकर विटते. नायट्रेट फिल्मचा धोका निराळाच असतो. पुणे येथे १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातील नायट्रेट फिल्मांना ८ जानेवारी २००३ रोजी लागलेल्या आगीत आरंभीच्या भारतीय चित्रपटांची अनेक रिळे नष्ट झाली.

जतनाच्या कामात निगेटिव्हला अग्रक्रम द्यावा लागतो. कागदावरील प्रत विटली तरी निगेटिव्हवरून नवी काढता येते. निगेटिव्ह गेल्यास प्रतीची प्रत तेवढी उरते. गावोगावचे जुने स्टुडिओ बंद होताना निगेटिव्हचे गठ्ठे रद्दीत जाण्याचा संभव असतो. त्यांत केवळ कुटुंबांचे चेहरे नसून वेशभूषा, वाडे, बाजार व मोडलेल्या वस्त्या यांची नोंद असते. प्रत्येक निगेटिव्ह आम्लविरहित कागदी वेष्टनात घालून त्यावर स्थळ, वर्ष व ज्ञात असल्यास फिल्मचे नाव लिहिणे हे जतनाचे पहिले पाऊल होय. फिल्मच्या कडेवर छापलेले उत्पादकाचे नाव व चौकटीचे अंक यांवरूनही चित्राचा काळ अजमावता येतो. म्हणून कडा कापून टाकू नयेत.

सद्यःस्थिती : एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अंकीय कॅमेऱ्यांनी फिल्मची जागा घेतली व ईस्टमन कोडॅक कंपनीला २०१२ मध्ये दिवाळखोरी संरक्षणाचा आश्रय घ्यावा लागला. तथापि फिल्मचे उत्पादन संपूर्णपणे थांबले नाही. २०१२ मध्ये बंद झालेली एक्टाक्रोम २०१८ मध्ये पुन्हा बाजारात आली. फूजीची ॲक्रॉस ही कृष्णधवल फिल्म बंद झाल्यानंतर २०१९ मध्ये नव्या आवृत्तीत परतली. ट्राय-एक्स, एचपी-५ प्लस व एफपी-४ प्लस यांचे उत्पादन चालू आहे. अंकीय नोंद वाचण्यासाठी यंत्र व अनुकूल आज्ञावली लागते. चांदीची निगेटिव्ह प्रकाशासमोर धरली की वाचता येते. हौशी छायाचित्रकारांची आवड व दीर्घकालीन जतनाची गरज या दोन कारणांसाठी फिल्मचा उपयोग मर्यादित प्रमाणात टिकून आहे.